घर बांधण्यापूर्वी शेजाऱ्यास सांगणे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात गंगापूर येथे दिलेले व्याख्यान)



आजच्या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले एक सामान्य शिक्षक. मुलांकडून पाढे घोकून घेणे आणि शुद्धलेखन तपासणे यांत आमचे आयुष्य गेले. कायद्याचे पांडित्य आमच्यापाशी नाही. तथापि जो विषय आज आपणांपुढे मांडावयाचा आहे, तो कायद्याच्या उंबरठ्याशी सुरू होऊन घराच्या उंबरठ्याशी संपणारा आहे. म्हणून आमच्यासारख्यानेही त्यावर बोलण्यास हरकत नसावी.

विषय निवडण्याचे कारण प्रथम सांगितले पाहिजे. आपल्या मंडळाने विद्यार्थी वसतिगृह बांधण्याचा संकल्प केला आहे, हे आपण जाणताच. खेड्यापाड्यांतून शिक्षणासाठी येणाऱ्या आपल्या मुलांना राहण्यास जागा नाही, हे दुःख जुने आहे. ते आता दूर होणार याचा आनंद कोणास होणार नाही? गेल्या वैशाखात नकाशा कार्यकारी मंडळापुढे आला. त्या वेळी एका अनुभवी सभासदांनी सूचना केली की, परवानगीचा कागद हाती पडेपर्यंत ही गोष्ट बाहेर फुटू देऊ नये. शेजाऱ्यांना कळले तर हरकती निघतील, काम अडेल. पुष्कळांनी माना डोलावल्या. आम्ही त्या दिवशी काहीच बोललो नाही. घरी गेल्यावर मात्र त्या मौनाची टोचणी लागली, कारण या बाबतीत आमचा स्वतःचा एक जुना अपराध आहे. तो आम्ही पुढे सांगणारच आहोत. आधी विषयाचे स्वरूप पाहू.

चतुःसीमा

आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी, ट्रंकेच्या तळाशी, एखादे खरेदीखत असेल. ते काढून वाचावे. जागेचे वर्णन लिहून झाल्यावर त्यात चतुःसीमा दिलेल्या असतात: पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस सरकारी रस्ता, दक्षिणेस तमक्याची भिंत, उत्तरेस बोळ. जागा आपली, पण ती कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे शेजाऱ्यांच्या नावांवाचून सांगताच येत नाही. ज्याचे नाव आपल्या मालकीच्या कागदावर आहे, त्याला आपल्या बांधकामाची वार्ता कुदळ पडल्यावर कळावी, हे कितपत योग्य?

आपल्या पूर्वजांना ही गोष्ट चांगली ठाऊक होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची चिकित्सक आवृत्ती प्रा. र. पं. कंगले यांनी सिद्ध केली व मुंबई विद्यापीठाने ती १९६० साली प्रसिद्ध केली. त्या ग्रंथाच्या तिसऱ्या अधिकरणात घराभोवती किती जागा सोडावी, पाणी कोठून काढून द्यावे, शेजाऱ्याच्या भिंतीपासून काय किती दूर असावे याचे नियम आहेत. नियम सांगून झाल्यावर त्याच ठिकाणी असेही म्हटले आहे की, घरमालकांनी आपसांत विचार करून हवे तसे बांधावे, मात्र अनिष्ट ते टाळावे. घर विकावयाचे झाल्यास प्रथम नातलगांना, मग शेजाऱ्यांना, मग सावकारांना घेण्याची संधी द्यावी, आणि विक्रीची घोषणा घरासमोर शेजारच्या चाळीस कुळांच्या समक्ष व्हावी, असा दंडक तेथे आहे. मनुस्मृतीने व्यवहाराची जी अठरा पदे मोजली त्यांत सीमाविवाद हे एक स्वतंत्र पद आहे, आणि सीमेच्या वादात साक्ष प्रथम शेजारच्या लोकांची.

मराठेशाहीतही हीच रीत होती. जमिनीचा तंटा गोतसभेपुढे येई, आजूबाजूचे वतनदार, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार एकत्र बसत, आणि निवाड्याचा महजर होई. ज्यांना लिहिता येत नसे ते आपापल्या धंद्याची खूण काढीत. कुणब्याचा नांगर त्या कागदावर उमटे. श्री. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर १९५३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या सर्वांचा विस्तार आहे. चार लोकांच्या देखत झालेली गोष्ट टिकते आणि अंधारात झालेली गोष्ट पुढच्या पिढीला निस्तरावी लागते, हे त्या अक्षरशत्रू माणसांना उमगले होते.

आजचा कायदा काय म्हणतो

आता आजच्या काळाकडे वळू. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १९५६ साली तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. जमीन व नगररचना यांचे आज चालू असलेले दोन मोठे कायदे १९६६ सालचे आहेत: महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आणि महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. या कायद्यांत शेजाऱ्याला कोठे कोठे सांगावे लागते आणि कोठे लागत नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण बहुतेकांचा घोटाळा येथेच होतो.

पहिली गोष्ट मोजणीची. हद्द कायम करण्यासाठी आपण भूमी अभिलेख कार्यालयाकडे अर्ज केला, तर मोजणीच्या तारखेची आगाऊ सूचना लगतच्या खातेदारांना जाते. मोजणीदार साखळी घेऊन येवो वा आजकालची उपग्रहाच्या साहाय्याने चालणारी यंत्रे घेऊन येवो, शेजाऱ्याने समक्ष उभे राहून आपले म्हणणे मांडावे अशी तीत योजना आहे.

दुसरी गोष्ट फेरफाराची. जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे, खरेदी, वारसा, वाटणी यांची नोंद घेताना तलाठ्याने ती चावडीवर लावावी आणि हितसंबंधी व्यक्तींना लेखी कळवावे. हरकतीसाठी पंधरा दिवस. पण ध्यानात घ्या, ही सूचना त्या जमिनीत ज्यांचा हक्क दिसतो त्यांना जाते; केवळ भिंतीला भिंत लागून आहे म्हणून जात नाही.

तिसरी गोष्ट विकास योजनेची. नगराची प्रारूप विकास योजना तयार झाली म्हणजे नगररचना अधिनियमाच्या कलम २६ खाली तिची सूचना राजपत्रात व वृत्तपत्रांत प्रसिद्ध होते, आणि सर्वसाधारणपणे तीस दिवसांत कोणासही हरकत वा सूचना देता येते. मंजूर योजनेत किरकोळ फेरबदल करावयाचा असेल, उदाहरणार्थ एखादी जागा शेतीच्या विभागातून निवासी विभागात घ्यावयाची असेल, तर कलम ३७ लागते. त्यात राजपत्रातील सूचना आणि एक महिन्याची मुदत तर आहेच. शिवाय ज्यांच्यावर त्या बदलाचा परिणाम होणार त्यांना सूचना बजावून त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे, असेही कायदा स्पष्ट सांगतो. आपल्यापैकी कितीजण राजपत्र वाचतात? वृत्तपत्रातील बारीक अक्षरांची जाहीर सूचना आपण पान उलटताना वाचतो काय? सूचना दिली जाते, परंतु पोहोचत नाही, हे येथील दुखणे आहे.

चौथी गोष्ट, आणि आजच्या विषयाची खरी गाठ, ती बांधकाम परवानगीची. नगररचना अधिनियमाच्या कलम ४४ प्रमाणे आपण अर्ज करतो. मालकीचा कागद, मोजणी नकाशा, वास्तुविशारदाने काढलेला आराखडा जोडतो. अर्जाचा निकाल कळविण्यासाठी साठ दिवसांची मुदत आहे. राज्याच्या बहुतेक भागासाठी डिसेंबर २०२० पासून एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली आहे. तीत सामासिक अंतरे किती, उंची किती, चटईक्षेत्र किती हे बारकाईने सांगितले आहे. मंजुरी मिळाल्यावर जागेवर फलक लावून मालकाचे नाव, भूमापन क्रमांक, परवानगीचा क्रमांक व दिनांक लिहावा, हेही त्यात आहे. पण अर्ज करण्यापूर्वी शेजाऱ्याला कळवा, असे साध्या घराच्या बाबतीत कोठेही सांगितलेले नाही. फलक लागतो तेव्हा सर्व ठरून गेलेले असते. शेजाऱ्याने तो वाचावा आणि गप्प बसावे किंवा कोर्टाची पायरी चढावी, एवढेच त्याच्या हाती उरते.

इतर देशांत काय आहे, तेही पाहण्यासारखे आहे. इंग्लंडात बांधकामाचा अर्ज आला म्हणजे स्थानिक संस्था शेजाऱ्यांना पत्राने किंवा जागेवर सूचना लावून कळविते व म्हणणे मांडण्यास २१ दिवस देते. शिवाय तेथे सामाईक भिंतीसंबंधी १९९६ सालचा स्वतंत्र कायदा आहे. सामाईक भिंतीचे काम करावयाचे असल्यास दोन महिने आधी, आणि शेजाऱ्याच्या इमारतीपासून तीन मीटरच्या आत त्याच्या पायापेक्षा खोल खोदावयाचे असल्यास एक महिना आधी, मालकाने स्वतः लेखी सूचना द्यावी लागते. शेजाऱ्याने १४ दिवसांत संमती दिली नाही तर तंटा उत्पन्न झाला असे मानून तज्ज्ञ भूमापक नेमला जातो. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी १९१५ साली इक्विटेबल बिल्डिंग नावाची ३८ मजली इमारत उभी राहिली. तिच्या सावलीने आसपासच्या इमारतींचा उजेड गेला, ओरड झाली, आणि दुसऱ्याच वर्षी, १९१६ साली, त्या शहराने इमारतींची उंची व विभाग यांचे नियम केले. एका भिंतीच्या सावलीतून एवढ्या मोठ्या शहराचा कायदा निघाला!

गंगापुरातील स्थिती

आपल्या गंगापुरात चाळीस मजल्यांची भीती नाही. पण येथल्या भिंतींचेही प्रश्न आहेत, आणि ते आपल्या मातीतून आलेले आहेत.

आपली जुनी घरे पांढऱ्या मातीची, माळवदाची. दोन घरांत एकच भिंत, एकाचे पन्हाळ दुसऱ्याच्या अंगणात, एकाची मोरी दुसऱ्याच्या बोळातून. कोणी लिहून ठेवले नाही, परंतु वाडवडिलांपासून चालत आले. आता माळवद उतरवून सिमेंटची घरे उभी राहत आहेत, हे योग्यच आहे. पण गावाभोवती काळी माती. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तीत पाया खोल न्यावा लागतो. शेजारी मातीची भिंत असताना मृगाच्या तोंडावर आपण चार-पाच हात खोल चर खणला, तर पहिल्या मोठ्या पावसात ती भिंत कोणाच्या अंगावर येईल? आधी सांगितले असते तर शेजाऱ्याने भिंतीला टेकू दिला असता, आपण काम पंधरा दिवस पुढे-मागे केले असते, आणि भांडी व माणसे दोन्ही वाचली असती.

दुसरे असे की, आपल्या तालुक्याचे रूप पालटले आहे. वाळूजला औद्योगिक वसाहत झाली, समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेला, आणि ज्या जमिनीकडे कोणी पाहत नव्हते तिला भाव आला. भाव आला की माणूस हात-हात जागेसाठी भाऊबंदाला ओळखेनासा होतो. पूर्वी लोक शेताचा बांध कोरीत, आता प्लॉटची रेघ कोरतात. पुष्कळ मालक पुण्यास, मुंबईस, कोणी परदेशी. घराला कुलूप. अशा बंद घराच्या शेजारी बांधकाम करणे अधिकच सोपे वाटते, आणि पुढे तेच अधिक महाग पडते.

या दृष्टीने एक चांगली गोष्ट आमच्या पाहण्यात आली. २४ एप्रिल २०२० पासून केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली. ज्या गावठाणांची कधी मोजणी झालेली नव्हती, त्यांचे विमानासारख्या लहान यंत्राने वरून छायाचित्रण करून प्रत्येक घराला मालमत्तापत्रक देण्याची ही योजना. छायाचित्रणापूर्वी प्रत्येकाने आपल्या जागेच्या हद्दीवर चुन्याची रेघ ओढावयाची असते. आमच्या एका नातलगाच्या गावी आम्ही हा प्रकार पाहिला. दोन शेजारी चुन्याची घमेली घेऊन उभे होते. एकाने रेघ ओढली, दुसरा म्हणाला, "दादा, वीतभर इकडे आली." पहिल्याने पायाने ती पुसली आणि पुन्हा ओढली. पाच मिनिटांत काम संपले. दोघे समक्ष होते म्हणून संपले. तीच रेघ एकाने दुसऱ्याच्या पाठीमागे ओढली असती, तर ती पुसावयास तालुक्याचे न्यायालयही पुरले नसते.

आमचा अपराध

आता आमची गोष्ट. ती सांगताना आजही मान खाली जाते. पण जो शिक्षक विद्यार्थ्यांना चूक कबूल करावयास सांगतो त्याने स्वतः चुकवू नये.

सुमारे तीस वर्षांपूर्वी आम्ही घरावर एक खोली व बाजूस जिना बांधला. परवाना रीतसर काढला होता. नकाशात एका बोटाचाही फेर केला नाही. आमच्या पूर्वेचे शेजारी शिवणकाम करीत. त्यांच्या घराला आमच्या बाजूस एक लहान खिडकी होती आणि तिच्याखाली त्यांचे शिवणयंत्र. दुपारनंतरचा उजेड त्या खिडकीतून नेमका सुईवर पडे. आमच्या जिन्याची भिंत उठली आणि ती खिडकी आंधळी झाली. त्या काळी दिवसातून अनेक तास वीज नसे. म्हणजे ज्या तासांत ते काम करीत ते तास गेले.

ते भांडावयास आले नाहीत. आठ दिवसांनी रस्त्यात भेटले आणि म्हणाले, "गुरुजी, बांधायला माझी ना नव्हती. जिना पलीकडच्या कोपऱ्यात घेतला असता तर तुमचं काही अडलं नसतं. तुम्ही विचारलंच नाही." आम्ही उत्तर दिले, "परवाना आहे आमच्याकडे." हे उत्तर आम्ही दिले, मुलांना 'शेजारधर्म' या विषयावर निबंध घालणाऱ्या माणसाने! त्यांनी काही न बोलता मान हलविली आणि ते गेले. त्या दिवसापासून त्यांच्या घरची कढी आमच्याकडे आली नाही आणि आमच्या घरचे तिळगूळ त्यांच्याकडे गेले नाही. जिना खरोखरच पलीकडच्या कोपऱ्यात झाला असता. गवंड्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, खर्चही तेवढाच आला असता.

वीस वर्षे खिडकीतून उजेड व वारा निर्वेधपणे घेतला तर त्यावर हक्क उत्पन्न होतो, असे १८८२ चा सुखाधिकार कायदा आणि १९६३ चा मुदतीचा कायदा सांगतात, हे आम्हांस फार मागाहून एका वकिलांकडून समजले. त्यांची खिडकी त्याहून जुनी होती. ते कोर्टात गेले असते तर आमचा परवाना आम्हांस वाचविता ना, कारण परवाना देणारी संस्था नियम पाहते, शेजाऱ्याचा खाजगी हक्क ठरवीत नाही. पण ते कोर्टात गेले नाहीत.

पुढे दहा-बारा वर्षांनी आम्हां भावांत वाटणी झाली आणि जागेची मोजणी मागविली. नियमाप्रमाणे त्यांना सूचना गेली. आमच्या मनात आले, आता हे वचपा काढणार. मोजणीच्या दिवशी पूर्वेच्या कोपऱ्याची खूण सापडेना. ते तोवर ओट्यावर मुकाट्याने उभे होते. मग पुढे झाले आणि म्हणाले, "तिथं नाही, निंबाच्या मुळाखाली पाहा. माझ्या वडिलांनी आणि गुरुजींच्या वडिलांनी मिळून पुरलेला दगड आहे." खणले तेव्हा दगड निघाला. त्या दगडाने हद्द आमच्याच बाजूने हातभर पुढे सरकली! ते गप्प राहिले असते तर ती जागा त्यांचीच राहिली असती.

आम्ही त्यांना सूचना दिली नव्हती. सरकारने दिली, आणि तीस मान देऊन ते खरे बोलले. त्या संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो व क्षमा मागितली. त्यांनी चहा ठेवावयास सांगितले. शिवणयंत्र तोवर पुढच्या ओसरीत हलविलेले होते आणि त्यांची दृष्टीही अधू झाली होती. क्षमा मिळाली, उजेड मात्र परत देता आला नाही. आज ते हयात नाहीत.

सांगावे कसे

आता व्यवहाराचे बोलू. 'सांगावे' म्हणणे सोपे. कसे सांगावे हे आमच्या अल्प अनुभवाप्रमाणे निवेदन करतो.

एक. वास्तुविशारदाने कच्चा आराखडा दिला की तो घेऊन शेजाऱ्याकडे जावे. पक्का होऊन दाखल होईपर्यंत थांबू नये. कच्च्या आराखड्यात जिना हलविण्यास खोडरबर पुरते. मंजूर नकाशात तोच बदल करावयाचा तर पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क, पुन्हा हेलपाटे.

दोन. चार गोष्टी आपण होऊन सांगाव्या: उजेड, पाणी, वाट आणि भिंत. कोणती खिडकी झाकली जाईल, पागोळी व सांडपाणी कोठे जाईल, विटावाळूच्या गाड्या कोणत्या वाटेने येतील व किती दिवस, आणि पाया त्याच्या भिंतीपासून किती अंतरावर व किती खोल.

तीन. सूचना आणि संमती यांत घोटाळा करू नये. नियमात बसणारे बांधकाम करण्यास शेजाऱ्याची परवानगी लागत नाही. आपण ती मागतही नाही. आपण कळवितो व त्याचे म्हणणे ऐकतो. त्याने 'पोहोचली' एवढी सही दिली तरी पुरे. 'माझी काही हरकत नाही' असे लिहून घेण्याचा आग्रह धरला की साधा माणूसही बिचकतो, आणि बेरकी माणूस त्या सहीची किंमत मागतो.

चार. तोंडी सांगून झाल्यावर लहानसे पत्र द्यावे व त्याची प्रत ठेवावी. मालक परगावी असेल तर टपालाने पाठवावे. पत्र असे असावे:

"रा. रा. ........ यांस सप्रेम नमस्कार. आपल्या पश्चिमेस असलेल्या आमच्या जागेवर आम्ही तळमजला व एक मजला बांधण्यासाठी परवानगीचा अर्ज करणार आहोत. आराखड्याची प्रत सोबत आहे. आपल्या भिंतीपासून ..... फुटांवर व ..... फूट खोल पाया येईल. काम पावसाळ्यानंतर सुरू करण्याचा विचार आहे. आपणांस काही अडचण वाटल्यास पंधरा दिवसांत कळवावी, म्हणजे अर्ज दाखल करण्यापूर्वी विचार करता येईल. कळावे, लोभ असावा."

पाच. शेजाऱ्याने अडचण सांगितली तर वयोवृद्ध दोन माणसे व वास्तुविशारद यांना बसवून विचार करावा. रास्त असेल ते मान्य करावे. पैशाची मागणी असेल तर नम्रपणे नाकारून नियमाप्रमाणे पुढे जावे. पूर्वीपासून दावा चालू असेल तर मात्र आपल्या वकिलांना विचारून लिहावे.

आणि हे कर्तव्य एकतर्फी नाही. ज्याला सूचना मिळाली त्यानेही ती उशाशी ठेवून झोपू नये. मुदतीत उत्तर द्यावे. हरकत असल्यास ती कशाबद्दल हे स्पष्ट सांगावे. दुसऱ्याचे घर उंच होते म्हणून पोटात दुखणे ही हरकत होत नाही.

आता कार्यकारी मंडळात निघालेल्या आक्षेपाचे उत्तर. सांगितले तर हरकती निघतील, हे खरे आहे, काही निघतीलही. पण न सांगितल्याने त्या नाहीशा होतात काय? पायाचा चर कोणाच्या डोळ्यांआड खणता येत नाही. अर्जापूर्वी निघालेली हरकत पेन्सिलीने मिटते. भिंत उठल्यावर निघालेली हरकत मनाईहुकूम घेऊन येते, आणि अर्धवट उभे राहिलेले वसतिगृह पाहत आपली मुले आणखी काही वर्षे भाड्याच्या खोल्यांत राहतात. उशीर टाळावा म्हणून मौन धरावयाचे, आणि त्या मौनानेच उशीर ओढवून घ्यावयाचा, यात शहाणपण कोठे आहे?

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आपल्या वसतिगृहाच्या जागेचे चारही शेजारी आपल्या समाजाचे नाहीत. त्यांतील एक घर दुसऱ्या धर्माचे आहे. व्यक्तीने न विचारता घर बांधले तर लोक त्या व्यक्तीला नावे ठेवतात. एका समाजाच्या संस्थेने तसे केले तर नावे साऱ्या समाजाला ठेवली जातात, आणि ती तेथे राहणाऱ्या आपल्या कोवळ्या मुलांना ऐकावी लागतात. पन्नास मुले आली म्हणजे गोंगाट होणार, पाणी जास्त लागणार, सणावाराला ध्वनिक्षेपक लागणार, लग्नासाठी सभागृह दिले तर रस्त्यात वाहने उभी राहणार. हे शेजाऱ्यांना दिसत नाही असे समजू नये. ध्वनिक्षेपक किती वाजता बंद होईल, वाहने कोठे लागतील, सांडपाणी कोठे जाईल, हे आपणच आधी सांगितले तर त्यांचा निम्मा संशय जाईल. उद्या रात्री-अपरात्री एखादे मूल आजारी पडले, तर मंडळाचे अध्यक्ष येईपर्यंत प्रथम दार ठोठवावयाचे ते याच शेजाऱ्यांचे.

म्हणून आमची मंडळास नम्र विनंती आहे की, या संमेलनातच एक साधा ठराव व्हावा: वसतिगृहाचा अर्ज दाखल करण्यापूर्वी पदाधिकाऱ्यांपैकी दोघांनी आराखडा घेऊन चारही शेजाऱ्यांच्या घरी जावे, पत्र द्यावे, पंधरा दिवस वाट पाहावी, आणि त्यांनी काय सांगितले ते कार्यकारी मंडळापुढे ठेवावे. त्या दोघांत एक नाव आमचे घातले तर आम्हांस फार समाधान वाटेल. तीस वर्षांपूर्वी जे दार आम्ही ठोठावयास हवे होते ते ठोठावले नाही. निदान ही चार दारे ठोठावू.